टपालाचा चाळिसावा

दोन्का कुर्तेवाच्या तोंडाला लागू नये, हे आमच्या स्लिवोवेट्स गावात पाळण्यातल्या पोरालाही माहीत होतं. तिची शेजारीण त्सोंका हिने एकदा राकिया, म्हणजे आमची फळांची दारू, गाळायला म्हणून तिचा तांब्याचा हंडा नेला आणि परत आणला तो पोचा पाडून. दोन्का तिच्याशी अकरा वर्षं बोलली नाही. मध्ये दोघींच्या मुलींची लग्नं झाली, त्सोंकाचा नवरा वारला. तेव्हा दोन्काने त्याच्या नावाचा गहू उकडून कुंपणावरून दिला, पण तोंडातून शब्द काढला नाही. अकरा वर्षांनी एका सकाळी ती कुंपणापाशी येऊन म्हणाली, "हंड्याला पोचा आहे, त्सोंका." त्यानंतर दोघी जिवलग मैत्रिणी झाल्या.

डबाबंद भाज्यांच्या कारखान्यात मिरच्यांच्या सरकत्या पट्ट्यासमोर तिची उमर गेली. सडकी मिरची तिच्या नजरेतून सुटत नसे, आणि ती पट्ट्यावर कोणी टाकली हेही ती विसरत नसे. नवरा मात्र पार उलटा. इल्चो बस चालवायचा. प्रवासी चढला की त्याला आधी एक विनोद ऐकवायचा आणि मग तिकीट विचारायचा. त्याचा सगळ्यात जुना विनोद स्वतःच्या आडनावावरचा होता. कुर्त म्हणजे लांडगा, तुर्कांच्या वेळचा शब्द, चांगला रुबाबदार. पण आमच्या लिपीत त्याची पहिली तीन अक्षरं सुटी वाचली तर अशी अचकटविचकट शिवी होते, की ती मी इथे लिहिणार नाही, तुमच्या घरात बायकामुलं असतील. शाळेत आणि पलटणीत पोरांनी इल्चोला त्यावरून भंडावून सोडलं होतं. लग्नाआधी त्याने दोन्काला बजावलं, "विचार कर बाई. हे आडनाव जन्मभर सहीत लिहावं लागेल."

"लांडग्याची बायको व्हायला मी घाबरते की काय?" दोन्का म्हणाली.

गल्लीभर मिरच्या भाजल्याचा वास दरवळत असतो त्या सप्टेंबरात कोणीतरी दोन्काच्या फाटकासमोरचं गटाराच्या चेंबरचं लोखंडी झाकण पळवलं. भंगारात विकायला, आणखी कशाला! मागे उरलं माणूसभर खोल भोक. दोन्काने एक मोडकी खुर्ची त्यात उलटी खोचली, वर आलेल्या पायाला लाल फडकं बांधलं, एप्रन सोडला आणि तडक नगरपालिका गाठली.

तक्रारींची खिडकी बंद होती. काचेवर कागद चिकटवलेला : तक्रारी फक्त ईमेलने. ही करणी उपमहापौर स्पार्ताक वेल्चेवची. राजधानीत शिकून आलेला, बूट आरशासारखे, आणि दर दोन वाक्यांआड "डिजिटल नगरपालिका" म्हणायची खोड. खिडकीतल्या बाईला त्याने दुसऱ्या मजल्यावर फुलझाडांना पाणी घालायला बसवलं होतं.

मुलीने स्पेनहून पाठवलेला फोन दोन्काकडे होता. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, चष्मा नाकाच्या टोकावर ओढून, एका बोटाने तिने ईमेल लिहिला. मान्यवर महाशय, आमच्या फाटकासमोर भोक आहे, कोणीतरी मरेल, झाकण बसवा. आपली, दोन्का कुर्तेवा. फोनने सुस्कारा टाकल्यासारखा आवाज केला.

"गेला," ती म्हणाली.

"भोकात?" इल्चोने विचारलं.

उत्तर आलं नाही. तिने दुसरा लिहिला, जरा खारट. मग तिसरा, तिखट. मग आणखी काही, आणि त्यात मान्यवरही नाही आणि महाशयही नाही. शेवटी तिने ब्रह्मास्त्र काढलं : झाकण बसवलं नाहीत तर प्रोकुरोरकडे जाईन. प्रोकुरोर म्हणजे सरकारी वकील. त्याचं नाव काढलं की आमच्याकडचे भलेभले कॉफीचा कप खाली ठेवतात.

इल्चो तिच्या खांद्यावरून वाचत होता. "त्याला कशाला मध्ये घेतेस?" तो म्हणाला. "त्या बिचाऱ्याच्या पोटातही आपलंच आडनाव आहे. बघ की, प्रो-कुर-ओर." आणि स्वतःच्या विनोदावर खोकला लागेपर्यंत हसला. दोन्काने त्याच्या पाठीत ओला टॉवेल हाणला, पण हसली तीही.

डिसेंबरात पहिला बर्फ पडला. सकाळी बर्फ लोटणारी गाडी आली. नगरपालिकेचीच हो, याच नगरपालिकेची! तिने बर्फाबरोबर खुर्चीही लोटून नेली, लाल फडक्यासकट. मागून पुन्हा भुरभुर सुरू झाली आणि भोकाच्या तोंडावर पांढरं पापुद्र्यासारखं आवरण धरलं. इल्चो गरम पाव आणायला निघाला होता. दोन्काने खिडकीतून पाहिलं तेव्हा तो फाटकाबाहेर होता, आणि डोळ्याची पापणी लवेपर्यंत नव्हता.

कमरेचं हाड मोडलं होतं, बरगड्या गेल्या होत्या, मग छातीत न्यूमोनिया झाला. इस्पितळात ती त्याचा हात धरून बसायची. शेवटी शेवटी त्याला धाप लागायची, तरी डोळ्यांत तीच मिश्किली.

"दोन्के, ईमेलला उत्तर आलं का गं?"

"नाही."

"येईल. सावकाश वाचतात ते."

नाताळाच्या आधी तो गेला. दफन झालं त्याच्या दुसऱ्याच सकाळी फाटकासमोर नवं कोरं झाकण बसलं, काळं कुळकुळीत, कडेने पिवळा रंग. दोन्का फाटक उघडून त्याच्यापाशी गेली. मग ती त्यावर थुंकली.

त्या आठवड्यात गावच्या टीव्हीवर स्पार्ताक वेल्चेव गळ्यात काळा टाय घालून म्हणाला, "अतिशय दुःखद घटना. नागरिकांनी वेळेवर कळवलं असतं तर नगरपालिकेने तात्काळ पावलं उचलली असती." दोन्काने टीव्हीचा प्लग भिंतीतून उपटला आणि काळा रुमाल डोक्याला बांधून त्याच्या कचेरीत गेली.

तो उठून उभा राहिला, खुर्ची पुढे केली, पाणी मागवलं. सगळं रीतसर. मग त्याने कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडे वळवला. "स्वतःच बघा. तुमच्या नावाचा एकही ईमेल इथे आलेला नाही."

"मी पाठवले. डझनभर पाठवले."

"लिहिले असतील, आजी," तो अगदी गोड आवाजात म्हणाला. "पण पाठवायचं बटण दाबलं नसेल. या वयात होतं असं."

दोन्का तेव्हा त्रेसष्ट वर्षांची होती आणि हा बाप्या पन्नाशीला टेकलेला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती एक शब्द बोलली नाही. पाण्याला हात न लावता उठली आणि निघून आली. तिला ओळखणारं कोणी तिथे असतं तर त्याने स्पार्ताकला त्याच दिवशी गाव सोडायचा सल्ला दिला असता.

माणूस गेला की आमच्याकडे त्याचं निधनपत्रक छापून दारावर, विजेच्या खांबावर, बसथांब्यावर चिकटवतात : फोटो, नाव, चार ओळी. चाळिसाव्या दिवशी पुन्हा, सहा महिन्यांनी पुन्हा. चाळिसावा जवळ आला तसा त्सोंकाने विषय काढला.

"इल्चोचं छापशील तेव्हा बरोबर त्या स्पार्ताकचंही छाप. फोटोसकट. गावभर लाव. पाहून जागच्या जागी पडेल मेला."

"नको," दोन्का म्हणाली. "मला तो जिवंत हवा आहे."

तिने निधनपत्रकं छापली खरी, दोन तऱ्हांची. एक इल्चोचं. दुसऱ्यावर फोटोच्या जागी ते उघडं भोक, तिनेच सप्टेंबरात फोनवर काढलेलं, आणि खाली : "अत्यंत दुःखाने कळवतो की आमचे प्रिय ईमेल नगरपालिकेत जाऊन कायमचे निवर्तले. ते साधे, सरळ होते आणि झाकणाखेरीज त्यांनी कधी कोणाकडे काही मागितलं नाही. शोकाकुल : दोन्का." छापणारा गेन्को गेली तीस वर्षं गावाची निधनपत्रकं छापत होता. तो मजकूर दोनदा वाचून म्हणाला, "दोन्का, वर क्रॉस छापू का?"

"छाप. बाप्तिस्मा झालेले नव्हते, पण छाप."

चाळिसाव्या दिवशी सकाळी गाव उठलं ते ती पत्रकं वाचतच. नगरपालिकेच्या दारावर चार होती. पायऱ्यांवर दोन्का उकडलेल्या गव्हाचं पातेलं घेऊन उभी होती, वर अक्रोड आणि पिठीसाखर, बाजूला कागदी पेले. येईल त्याच्या हातात पेला. मयताचं अन्न घेताना आमच्यात धन्यवाद म्हणत नाहीत, "देव क्षमा करो" म्हणतात, म्हणजे गेलेल्याला देव क्षमा करो. कारकून, शिपाई, पाणीपुरवठ्याचा माणूस, सगळे खाली मान घालून तेवढं पुटपुटत आत सटकत होते.

स्पार्ताक गाडीतून उतरला. दारावरचं वाचलं. त्याचे कान लाल झाले, पण भोवती लोक होते, एक जण फोन वर धरून उभा होता. त्याने ओठ ताणून पेला घेतला आणि म्हणाला, "धन्यवाद."

पाणीपुरवठ्याच्या माणसाने छातीवर क्रॉसची खूण केली. मयताच्या गव्हाला धन्यवाद! "खा, साहेब, खा," दोन्का म्हणाली. "तुम्हाला गोड लागणारच."

सगळ्यात शेवटी रोसित्सा आली, नगरपालिकेचे कॉम्प्युटर सांभाळणारी. तिने पेला घेतला, बरोबर तेच शब्द म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून टपाटपा पाणी पडायला लागलं. संध्याकाळी कचेरी सुटल्यावर ती दोन्काच्या स्वयंपाकघरात येऊन बसली.

"दोन्कामावशी, तुमचे ईमेल आले होते. सगळे. आज मशीनच्या नोंदी पाहिल्या मी."

दोन्काने हातातली किटली खाली ठेवली. "त्याने फेकले?"

"त्याला दिसलेच नाहीत." रोसित्साने नाक पुसलं. "गेल्या वर्षी पार्किंगच्या दंडावरून कोणीतरी त्याला ईमेल केला. त्यात एकच शब्द होता. तो, तीन अक्षरांचा. साहेबांच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की त्यांनी मला हुकूम दिला : ती अक्षरं ज्यात असतील तो ईमेल आत येता कामा नये आणि बाहेर जाता कामा नये. असे ईमेल एका कोठडीत जाऊन पडतात. पाठवणाऱ्याला कळवायचंही नाही, उगाच वाद नकोत म्हणे. महिन्याभराने कोठडी आपोआप रिकामी होते."

"पण मी शिवी कुठे दिली होती?" मग दोन्काचा हात टेबलावर थबकला. "कुर्तेवा," ती म्हणाली.

"कुर्तेवा. संगीतशाळेच्या वर्गांचे, कुर्सचे, ईमेल अडकले. गायनाच्या स्पर्धेची, कोन्कुर्सची, आमंत्रणं अडकली. बालवाडीच्या कुराबिया बिस्किटांची मागणी अडकली, पोरं उपाशी राहिली एक दिवस. मी म्हटलं होतं त्यांना, साहेब, मशीनला शिवी कळत नाही, नुसती अक्षरं कळतात. तर म्हणाले, तू बटणं दाब, मला व्याकरण शिकवू नकोस. आणि लेखी दिलं की त्या कोठडीला कोणी हात लावायचा नाही."

दोन्काला इल्चो आठवला, तिच्या खांद्यावरून वाकलेला, खोकेपर्यंत हसणारा. प्रो-कुर-ओर. गंमत म्हणून बोलला होता तो, आणि सगळ्या गावात तेवढ्याच एका माणसाला खरं कारण दिसलं होतं. तिला वाटलं होतं की स्पार्ताकने आपले ईमेल वाचून फेकून दिले असतील. ते तिला चाललं असतं. माणसाने माणसाशी केलेलं वैर झालं असतं ते, त्याला तोंड देता येतं. पण एका फुशारक्याला शिवी झोंबली म्हणून तिच्या नवऱ्याच्या नावालाच कुलूप लागलं, आणि त्या नावाचा माणूस गटारात पडून मेला. हे तिला गिळवेना.

"मी कधी उघडून बघितलं असतं तर..." रोसित्सा म्हणाली.

"तुझं मी नंतर बघते," दोन्का म्हणाली. "चहा पी."

दुसऱ्या दिवशी ती बसने जिल्ह्याच्या गावी गेली आणि प्रोकुरोरसमोर फोन ठेवला. पाठवलेले सगळे ईमेल त्यात होते. तो काही फार कनवाळू माणूस नव्हता, पण त्याने सगळे वाचले. थोड्याच दिवसांत स्पार्ताकला शिक्क्याचा कागद आला : मृत्यूबाबत आपला खुलासा लेखी, ईमेलने सादर करावा.

फेब्रुवारीत दोन्का अंगणात द्राक्षाच्या वेली छाटत होती. रोसित्सा कुंपणापाशी आली आणि तिने इकडेतिकडे पाहिलं.

"मावशी, साहेबांनी खुलासा पाठवला. दहा पानी. पहिलीच ओळ : आदरणीय प्रोकुरोर महाशय."

दोन्काची कात्री हवेतच थांबली. "मग?"

"मग काय, कोठडीत. त्यांना वाटतंय गेला. खुशीत आहेत." रोसित्साने आवाज आणखी खाली आणला. "सोडू? एक बटण दाबायचं आहे. नाहीतर त्यांना सांगते तरी."

दोन्काने वेलीकडे पाहिलं. खरं सांगायचं तर ती क्षणभर अडखळली. शेजाऱ्याच्या घराला आग लागली तर ओरडून सांगणाऱ्यांतली बाई ती. पण मग तिला फाटकाबाहेरच्या त्या झाकणाची पिवळी कड दिसली, आणि तो गोड आवाज आठवला : आजी, बटण दाबलं नसेल.

"साहेबांनी काय लेखी दिलंय तुला?"

"कोठडीला हात लावायचा नाही."

"मग लावू नकोस," दोन्का म्हणाली आणि फांदी कचकन कापली. "साहेबांचा हुकूम मोडायचा नसतो."

रोसित्साच्या ओठाचा एक कोपरा हलला, आणि ती कामावर गेली.

प्रोकुरोरकडून स्मरणपत्र आलं, जरा कडक. स्पार्ताकने पुन्हा ईमेल लिहिला, आता चिडून, आणि त्यात प्रोकुरोर हा शब्द ओळीआड घातला. तोही कोठडीत. तिसरा कागद आला तो पोलिसांच्या हातून. मागोमाग तपासणी करणारे आले, त्यांनी सगळं उघडलं, कोठडी सापडली आणि त्या कोठडीचा लेखी हुकूमही सापडला, खाली मोठ्ठी सही. स्पार्ताकला पदावरून दूर केलं. खटला उभा राहिला. त्याच्या गाडीवर बोटाने धुळीत कोणीतरी ती तीन अक्षरं लिहिली, आणि ती धुवून काढली की दुसऱ्या दिवशी पुन्हा उमटायची. लिहिणारा कोण ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोललं नाही. त्सोंकाच्या बोटाला मात्र त्या दिवसांत कायम धूळ असायची.

दोन्काला बरं वाटलं का? वाटलं. खोटं कशाला बोलू? बाजारात स्पार्ताक समोरून आला की रस्ता बदलायचा, ते पाहून ती टोमॅटो जरा जास्तच आवडीने निवडायची. फक्त संध्याकाळी जेवताना हे सगळं सांगायला समोर कोणी नसायचं. हा विनोद सगळ्यात जास्त कोणाला आवडला असता ते तिला माहीत होतं.

जूनमध्ये इल्चोला सहा महिने झाले. अंगणातली चेरी लाल झाली होती. फाटकाशी पातेलं घेऊन दोन्का गल्लीतल्या लोकांना गहू वाटत होती. सगळे येऊन गेल्यावर तो आला. टाय नव्हता, बुटांवर धूळ. त्या झाकणावरून पाऊल न टाकता तो कडेने वळसा घालून आला, हे तिने पाहिलं.

"दोन्काबाई," तो म्हणाला, "पुढच्या आठवड्यात सुनावणी आहे. तुम्ही एवढंच सांगा की तुमचे ईमेल माझ्यापर्यंत पोचले नव्हते. मला खरंच माहीत नव्हतं. खोटं बोलायला सांगत नाही मी, खरं तेच सांगा."

"आणि प्रोकुरोरला खुलासा का नाही दिलास?"

"दिला होता हो! पाठवला होता! देवाशप्पथ, दोनदा पाठवला!"

दोन्काने त्याच्याकडे नीट पाहिलं. कारखान्यातल्या पट्ट्यावर ती पाहायची तसंच.

"लिहिला असशील, बाळा," ती म्हणाली. "पण बटण दाबलं नसेल."

दोन्काने पातेल्यातून चमचाभर गहू पेल्यात घातला, वर साखर भुरभुरली आणि फाटकावरून पेला पुढे केला. दारात आलेल्याला मयताचं अन्न नाकारत नाहीत. त्याने दोन्ही हातांनी तो घेतला.

"देव क्षमा करो," तो म्हणाला. या वेळी अगदी बरोबर म्हणाला.

"देव करील," दोन्का कुर्तेवा म्हणाली आणि तिने फाटकाची कडी लावली. "मी नाही."